युसूफचे दहा पौंड

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. परवा नातवानं मोबाइलवर पौंडाचा भाव बघितला, शंभराच्या वर — आणि सोलता सोलता शेंग माझ्या हातातच राहिली.

लग्न होऊन मलकापुरात आले तेव्हा गल्लीत पेपर वाचणारी बाई मी एकटीच. सातवी पास! केवढी मिजास होती मला — आठवलं की हसूही येतं अन् लाजही वाटते. शेजारच्या जैबुनखाला विधवा, गाद्या भरून पोट भरायच्या. दिवसभर त्यांच्या पिंजणाचा आवाज, भुवयांवर कापूस. त्या मला चहा पाजायच्या, मी त्यांना युसूफची पत्रं वाचून दाखवायची. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, विलायतेत गिरणीत कामाला. दीडशे पौंड साठले, असं त्यानं कळवलं होतं. कापूस पिंजायच्या यंत्राचे तीन हजार रुपये झाले की तो परत येणार होता. आम्ही दोघी तो दिवस मोजायचो. किती गोड होते ते दिवस!

सहासष्टच्या जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. मी पेपर घेऊन गल्लीभर सांगत सुटले. खाला घाबरल्या.

"बेटी, रुपया पडला म्हनतेत. माह्या युसूफच्या पैशाचं आता कसं होईन?"

मला काय ठाऊक होतं? ठाऊक नाही, एवढं म्हणायला काय जीभ झडली असती? पण नाही — सातवी पास ना मी! रुपया घटला म्हणजे त्याचा पैसाही घटला, असं ठोकून दिलं. अजून दोन वर्षं तरी लागतील, म्हटलं. खालांनी तिथल्या तिथं पत्र सांगितलं — यंत्राले पैसे कमी पडतेत, घाई करू नको, अजून दोन साल राह्य. मी वळणदार अक्षरात लिहून दिलं.

पुढच्या ईदेला त्याची मनिऑर्डर आली. नेहमीचेच दहा पौंड. आधी त्यांचे एकशे तेहतीस रुपये मिळायचे; या खेपेला पोस्टमननं दोनशे दहा मोजले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रुपया पडला म्हणजे पौंड महाग झाला होता. युसूफचे दीडशे पौंड आता तीन हजारांच्या वर जात होते. तो केव्हाच निघू शकला असता.

खाला मात्र नोटा छातीशी धरून रडायला लागल्या.

"पोरगं उपाशी राहून जास्त धाडून राह्यलं वं, बेटी."

एक वाक्य पुरलं असतं — खाला, माझं चुकलं, त्याला बोलवा. मी काय केलं? पदरानं त्यांचे डोळे पुसले. चूक कबूल केली तर गल्लीत मला कोण विचारणार — मनात एवढंच होतं. नंतरही वर्षभर त्यांची पत्रं लिहिली. एकाही पत्रात ते वाक्य घातलं नाही.

दोन साल भरायच्या आधीच खाला गेल्या. युसूफ आला तो कबरीवरच. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसला, खिशातून ते पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं.

"भाभी, अम्मीनं राह्य म्हटलं म्हून राह्यलो. तिले वाचून दाखवत होत्या तसं मले एकदा वाचून दाखवा."

मी वाचलं. 'घाई करू नको' हेही वाचलं. एकदाही अडखळले नाही.