निळ्या ठिपक्यामागून

जिन्यात मलमाचा उग्र वास दरवळला की समजावे, शेजारचे काका गच्चीवर निघाले. गुडघ्यांनी डोंगर सोडायला लावल्यापासून ते मोबाइलमधल्या नकाशावर बोटाने वाटा चढतात. चढणीवर त्यांचे बोटही धिम्या गतीने सरकते. रविवारी मी डोंगरावर निघाले की माझ्या लाइव्ह लोकेशनचा निळा ठिपका त्यांच्या पडद्यावर लावून घेतात. "तू हो पुढे, मी आलोच. शॉर्टकट मारलास तर दिसतं हं मला."

परवा अंजनेरी गडावरून गंगापूर रोडला घरी परतले, तर ते दारातच उभे. "पठारावर बराच वेळ थांबलीस. मग मीही थांबलो." नकाशाने त्यांना वाट आणि उंची दाखवली होती. माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहत त्यांनी हळूच विचारले, "वारा?"