कॅरीतला इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष

मेश्राम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवर गाडी धूत होतो. मार्चमध्ये अमेरिकेतल्या आमच्या या कॅरी गावात पाइनचे पराग पडतात आणि सगळं गाव हळद लागल्यासारखं पिवळं होतं. फोनवर सुनंदावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले. चहा प्यायले, जरा पडतो म्हणाले... आणि गेले." मी पाण्याचा पाइप हातात धरून तसाच उभा राहिलो. रडू आलं ते नंतर. आधी आठवलं आमचं भांडण, आणि चक्क हसू आलं. माणूस गेल्यावर हसणं बरं दिसत नाही, पण मेश्राम आठवला की पहिलं हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

तो नागपूरचा, औषध कंपनीत केमिस्ट; मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. एकाच गाडीतून कामाला जाता जाता दोस्ती झाली आणि तीस वर्षं टिकली, मधली पाच वगळता. मेश्राम सावळा, उंच, टक्कल पडलेला, मिशीवाला. लहानपणी चिंचेवरून पडल्याची खूण कपाळाच्या बरोब्बर मध्ये. एकदा आमच्या लायब्ररीतल्या बाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही हुबेहूब इजिप्तच्या त्या राष्ट्राध्यक्षांसारखे दिसता. तेच, ज्यांनी आधी कालवा ओलांडून शत्रूवर हल्ला चढवला आणि चारच वर्षांनी त्याच शत्रूच्या संसदेत उभं राहून शांततेची भाषा केली. लायब्ररीत दरवर्षी शाळेच्या मुलांसाठी इतिहासातली माणसं 'जिवंत' होऊन बोलत. इजिप्तची जागा रिकामी होती. मेश्राम एका पायावर तयार झाला.

आणि मग तो त्या माणसाच्या नादीच लागला. मिळेल ते पुस्तक वाचलं, सूट शिवला, न पेटवलेला पाइप तोंडात धरून आरशासमोर उभा राहायला लागला. गाडीत मला रोज एक प्रकरण ऐकावं लागे. खेड्यातला जन्म, काळा म्हणून झालेली हेटाळणी, तरुणपणी भोगलेला तुरुंग. "देशपांडे, हा माणूस मले समजते बे," तो म्हणायचा. का समजतो, हे मी कधी विचारलं नाही. त्याच्या घरी दर एप्रिलला बेसमेंटमध्ये बाबासाहेबांची जयंती व्हायची. दरवर्षी आमंत्रण यायचं, आणि दरवर्षी मी कसा कोण जाणे, बिझी असायचो. नातीचं सॉकर, टॅक्स, कंबर... मला आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हेही सांगून टाकतो.

भांडण झालं ते नाटकावरून. मेश्राम इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होता आणि दिवाळीच्या कार्यक्रमात माझं तीन अंकी नाटक होतं. दिग्दर्शक मी, नायकही मीच. शाळेचा हॉल पाचला रिकामा करायचा होता. पाच वाजले तेव्हा आमची शेवटची वीस मिनिटं बाकी होती आणि शाळेचा माणूस किल्ल्या वाजवत दारात उभा होता. मेश्रामनं सरळ पडदा पाडला. माझं अर्धं वाक्य पडद्याबाहेर, अर्धं आत! मी तिथल्या तिथे चिकटवलेली मिशी उपटून त्याच्या अंगावर फेकली आणि अकरा कुटुंबं घेऊन वेगळं मंडळ काढलं. मग काय, एका गावात दोन दिवाळ्या, त्याही मुद्दाम एकाच शनिवारी, आणि एकुलत्या एका तबलजीची ओढाताण. कुलकर्णी आमचा सेक्रेटरी. त्यानं तर मेश्रामच्या माणसांना ग्रोसरीच्या दुकानात ओळख देणंही कॅन्सल केलं. पाच वर्षं मी एकटा ड्राइव्ह करत कामाला गेलो.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. भांडणाच्या पाचव्या वर्षी लायब्ररीतलं त्याचं भाषण संपल्यावर एका चिमुरडीनं हात वर केला. "मिस्टर प्रेसिडेंट, हॅव यू एव्हर मेड पीस विथ युवर एनिमी? इन रिअल लाइफ?" मेश्राम काहीतरी बोलून वेळ मारून नेणाऱ्यातला नव्हता. 'नो' म्हणाला आणि घरी येऊन जेवला नाही.

त्या दिवाळीला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी माइकवर होतो आणि मागच्या दारातून तो आत आला. एकटा. तो सावकाश चालत स्टेजजवळ आला आणि खालूनच म्हणाला, "काहून बे देशपांडे, तुझी वीस मिनिटं राहिली होती ना? ती पाहाले आलो." मी माइक दुसऱ्याच्या हातात दिला आणि जुन्या नटांना हाका मारल्या. अर्धे नट गाव सोडून गेले होते, त्यांची वाक्यं आम्ही कागदावरून वाचली. मेश्राम विनोदाच्या आधीच हसत होता. शेवट झाल्यावर मला मिठी मारून कानात म्हणाला, "एवढ्यासाठी पाच वर्षं? बरं झालं बे, पडदा पाडला!"

शांतता काही फुकट मिळत नाही. इजिप्तच्या परराष्ट्रमंत्र्यानं राजीनामा दिला होता; त्या राष्ट्राध्यक्षांना तर पुढे जिवानिशी जावं लागलं. आमच्याकडे तेवढं झालं नाही, पण मेश्रामच्या कमिटीतले तिघं सोडून गेले आणि माझा कुलकर्णीही. "तू आपल्याला विकलंस," एवढंच म्हणून तो हॉलबाहेर पडला. चार वर्षं झाली, तीन सिग्नल पलीकडे राहतो, बोलत नाही. मी मात्र त्यानंतरच्या एप्रिलपासून न चुकता जयंतीला जायला लागलो. आलूबोंडे खायचो, मेश्रामचं लांबलचक भाषण ऐकायचो आणि घरी येताना फार बरं वाटायचं.

येत्या रविवारी जयंती आहे. काल वहिनींकडे खुर्च्या लावायला गेलो होतो. पुढच्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची मांडताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, ही तुमची. तुम्ही येत नव्हता तेव्हाही हे कोणाला बसू देत नव्हते. देशपांडे येईल म्हणायचे. पोरं हसायची, डॅड, ही इज नॉट कमिंग. पहिल्यांदा आलात ना, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर हा माणूस किचनमध्ये नाचला!"

मी त्या खुर्चीत बसून पोटभर रडलो आणि नाचणारा मेश्राम डोळ्यांपुढे आला तसा हसलोही. वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "यंदा भाषण तुम्ही करायचं. मग ही रिकामीच राहणार. कोणासाठी ठेवू?"

मी कुलकर्ण्याचं नाव सांगितलं.

त्याला फोन करणार नाही. स्वतः जायचं. दार उघडेल की तोंडावर आपटेल, ठाऊक नाही. हे लिहून झालं की निघतो.