चित्र निघत नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या निदान अकरा शाळांत एके काळी माझी गाय चरत होती. गाय तांबडी, कपाळावर पांढरी चांदणी, नाव कपिला, स्वभाव मायाळू. ‘आमची गाय’ हा निबंध मी टोकावड्याच्या शाळेत मुख्य मास्तर असताना लिहिला आणि पोरांकडून घोकून घेतला. परीक्षेत पोरं धडाधड पास झाली. मग शेजारच्या गावांतले मास्तर तो उतरवून घेऊन गेले. १९३६ साली डेप्युटीसाहेब तपासणीला निघाले तेव्हा त्यांना गावोगाव तीच चांदणी भेटली आणि त्यांनी सगळ्यांना चांगला शेरा दिला. मला त्याचा भारी अभिमान होता. आता सांगायला हरकत नाही, मी उभ्या आयुष्यात गाय पाळलेली नाही.

त्याच वर्षी सावळाराम मास्तर माझ्या हाताखाली आले. सडपातळ माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. ओढा आला की वहाणा काढून काखेत मारायचे आणि पलीकडे गेल्यावरही बराच वेळ घालायला विसरायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गोजर नावाच्या मुलीला विचारलं, “तुझी कपिला दूध किती देते गं?”

“आमच्याकडं गाय नाय, गुर्जी,” गोजर म्हणाली. “दोन शेळ्या हायेत. गाय थोरल्या गुर्जींची हाय.”

थोरले गुरुजी म्हणजे मी. वर्ग हसला. सावळाराम हसले नाहीत.

त्यांनी एक खूळ काढलं. मी तेव्हा त्याला खूळच म्हणत होतो. आपल्या पोरांनी आपलं घर, ओढा, शेतातला राखणीचा माळा असं एकेक कागदावर लिहायचं आणि तो कागद खर्डीच्या शाळेत पाठवायचा. तिथल्या पोरांनी टोकावडं कधी पाहिलेलं नाही. त्यांनी नुसतं वाचून चित्र काढायचं. निघालं तर खाली ‘चित्र निघालं’ असं लिहायचं, नाहीतर ‘चित्र निघत नाही’. खर्डीची पोरं आगगाडी आणि सिग्नल लिहून पाठवणार, ते आमच्यांनी काढायचं. कोंडू गाडीवान कोळशाच्या गाड्या घेऊन स्टेशनाकडे जायचा, त्याच्या गोण्यांवर कागदांचं पुडकं चढायचं. परत यायला कधी आठ दिवस लागत, कधी पंधरा.

पहिलं पुडकं आलं त्यात गोजरच्या घराला दारच नव्हतं. तिने लिहिलंच नव्हतं. शेळ्या छपरावर उभ्या होत्या, कारण शेळ्या वर बांधतो एवढंच तिने सांगितलं होतं. पडवीच्या वर की उंबऱ्याच्या वर, ते खर्डीला काय कळणार? पोरगी रडली. सावळारामांनी तिचे डोळे पुसले, नवा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, “परत लिही.”

हे दोन शब्द त्यांच्या तोंडात कायम. पोरांनी त्यांचं नाव ‘परतमास्तर’ पाडलं. सुट्टीच्या दिवशी हा माणूस पायी निघायचा आणि हे खूळ पटवायला एकेक शाळा गाठायचा. एका मास्तराने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरा म्हणाला, पोरांना चित्रकार करायचंय की कारकून? सावळाराम पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दारात हजर. तीन वर्षांत अकराच्या अकरा शाळा पुडकी बांधू लागल्या.

आणि अकराही शाळांतून माझी गाय हाकलली गेली. माझा जळफळाट झाला. मी डेप्युटीसाहेबांना लिहून कळवलं की निबंधाचा अभ्यास बुडतो आहे, मुलांना अलंकार येत नाहीत, पोरखेळ चालला आहे. पत्र मात्र फार सुंदर उतरलं होतं.

१९३९च्या थंडीत साहेब आले. जाडजूड, डोक्यावर रुमाल, हातात काठी. त्यांनी चौथीला ‘माझे घर’ हा विषय दिला. गोजरचा कागद उचलून दोन ओळी वाचल्या आणि तोंड कडू केलं. “हा निबंध आहे की पत्ता? मास्तर, हे पुडक्यांचं प्रकरण आजपासून सगळीकडे बंद.”

सावळारामांनी आवाज चढवला नाही. “साहेब, हा कागद घेऊन चला. वाटेत कोणाला विचारायचं नाही, आम्ही बोलायचं नाही. घर सापडलं नाही तर पुडकी बंद आणि माझी बदली कराल तिकडे मी जातो. सापडलं तर अकरा शाळांचं चालू राहू द्या.”

साहेबांना गंमत वाटली असावी. ते निघाले, मागे आम्ही दोघं. गोजर शाळेतच थांबली.

ओढा सापडला. पाय ठेवायचे दगड कागदावर पाच होते, पाण्यातही पाचच. पुढे दोन वाटा फुटल्या. साहेबांनी वाचलं, “ऐनाच्या झाडाशी या.” तिथे झाड नव्हतं. साहेब आमच्याकडे पाहून हसले. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात उकळ्या फुटल्या. सावळारामांच्या काखेतल्या वहाणा खाली पडल्या, त्या त्यांनी उचलून परत काखेत मारल्या.

साहेबांनी पुढची ओळ वाचली. “झाड आता नाही. कोळशासाठी तोडलं, बुंधा राहिला आहे. त्याच्यावर बसून दम घ्या, इथून चढ आहे.” गवतात बुंधा होता. साहेब चांगलेच धापा टाकत होते. ते मुकाट्याने त्याच्यावर बसले.

चढ संपला तिथे कुडाचं घर, दाराशी नाचणी पाखडत बसलेली बाई. गोजरची आई, पारू. साहेबांनी हाक मारली. तिने मान वर केली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. तिला मी ओळखत होतो. बाजारात मी दोनदा हाक मारूनही ती तशीच पुढे गेली होती, तेव्हापासून मी तिला माजोरी म्हणत असे.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. शेवटच्या ओळी त्यांनी हळूहळू वाचल्या. “दाराशी आई असेल. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. लोकांना वाटतं ती बोलत नाही. तुम्ही तिच्या डावीकडे जाऊन बोला.”

साहेब वळसा घालून डावीकडे गेले. वाकून म्हणाले, “बाई, गोजरचं घर हेच का?”

पारूच्या हातातलं सूप थांबलं. “व्हय. काय केलं माज्या पोरीनं?”

“तिने मला इथपर्यंत आणलं,” साहेब म्हणाले. मग त्यांनी तिच्या डाव्या कानाशी बसून पूर्ण कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. पारू ऐकत होती आणि मधूनच ओढ्याकडे, शेळ्यांकडे, स्वतःच्या दाराकडे बघत होती, नव्यानेच पाहिल्यासारखी. मला तिथे उभं राहवेना. लाज वाटली.

पुडकी चालू राहिली. लढाईत कागद मिळेना, तर सावळारामांनी जुन्या पाकिटांच्या आतल्या बाजू वापरल्या, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू वापरल्या. साहेबांना तक्रारीचं पत्र कोणी लिहिलं हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा कबूल करायला गेलो, तर म्हणाले, “पत्र चांगलं होतं. पण त्यात शाळा दिसत नव्हती.”

गेल्या वर्षी, १९४८च्या भाद्रपदात, विषमज्वराने ते गेले. शिक्षकांच्या सभेसाठी त्यांच्यावर दोन शब्द लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘ऋजू स्वभावाचा, विद्येचा निस्सीम उपासक, थोर गुरुवर्य हरपला.’ अलंकार सगळे जागच्या जागी होते. सभेत वाचण्याआधी एकदा नजर फिरवावी म्हणून मी तो कागद मुरबाडच्या मुलींच्या शाळेत पाठवला. तिथे आता गोजर शिकवते.

चौथ्या दिवशी कागद परत आला. खाली तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

“थोरले गुरुजी, वर्गाला वाचून दाखवलं. चित्र निघत नाही. परत लिहा.”

तो कागद हातात धरून मी पडवीत बसलो आणि म्हाताऱ्या वयात हमसून हमसून रडलो. मग नवा कागद घेतला आणि काखेतल्या वहाणांपासून सुरुवात केली.