स्क्रीनवरचं कणीस

वाटूर फाट्यावर बसची वाट पाहत होतो. शेजारी एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. स्क्रीनवर ज्वारीच्या कणसासारखा आकार होता, आणि बाजूला तो घडवणारे आकडे. त्या एखादा आकडा किंचित वाढवायच्या, की अख्खं कणीस वळायचं, उमलायचं, कधी शंख व्हायचं, कधी धूर. दरवेळी त्या श्वास रोखून बघायच्या.

एकदा इतका देखणा आकार आला की न राहवून म्हणालो, "ताई, हा तरी ठेवा!"

त्यांनी हसत आकडा पुढं सरकवला. आकार विरघळला.

"कणीस ठेवून काय करू? आकड्यांचं बियाणं हाय की. मंग उगवंल पुन्हा, पण आकडा जरा हलला की तेच उगवंल असं न्हाई."

मला चुटपुट लागून राहिली. बसच्या खिडकीतून ज्वारी डुलताना दिसली, आणि वाटलं, कुणीतरी आकडा हलवून राह्यलंय.