मुशीचा फोटो

उमरखेडच्या मोटार स्टँडवर बानं मला जी शपथ घातली, ती ऐकून शेजारच्या बाकावरचा विडीवाला हसला होता. माय भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून डोळे पुसत होती आणि बा मोटारीच्या खिडकीचा गज धरून उभा होता. "किसना, कोनतंबी काम कर," तो म्हणाला, "पन पान्याचं करू नको. विहीर असो का नदी, आत उतरू नको. घे माही शपथ." मी घेतली. मोटार दिग्रसला चालली होती. दिग्रसात सरक्या आणि रुईच्या गाठी, बुडायला पाणी कुठलं? विडीवाल्याचं हसणं बरोबरच होतं.

बाला पाण्याची भीती होती असं समजू नका. पाण्याखाली त्याच्याइतका वेळ राहणारा माणूस आमच्या बाजूला नव्हता. पैनगंगेच्या डोहात त्यानंच मला बुडी शिकवली. दम धरायचा, घाई करायची नाही, डोळे उघडे ठेवायचे. ही विद्या त्याला त्याच्या बापानं दिली होती आणि तिचा उपयोग एकच होता. गावच्या विहिरीत कोणी बुडालं की महारवाड्यात सांगावा येई, आणि बा जाऊन मुडदा वर काढी. एरवी त्या विहिरीच्या काठाला शिवायचीही आम्हाला बंदी. आमच्या बाया घागरी घेऊन लांब बसायच्या. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. मढ्यासाठी आम्ही आत उतरलेलं चालत होतं, तहानेसाठी उतरलो असतो तर विहीर बाटली असती.

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ठराव केला. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, मौतीचे सांगावे न्यायचे नाहीत, विहिरीतले मुडदे काढायचे नाहीत. सगळ्यात आधी बाचा हात वर गेला. पुढच्याच उन्हाळ्यात पाटलाची धाकटी सून, अनसूया, त्या विहिरीत गेली. पाय घसरून गेली की सासरला विटून गेली, याची चौकशी गावानं केली नाही. ही अनसूया आमच्या घागरी काठोकाठ भरायची, आणि पाणी ओतताना मायच्या अंगावर शिंतोडा येऊ द्यायची नाही. सांगावा आला तेव्हा बा दारात बसून सुतळी वळत होता. "आमी ते काम सोडलं," एवढंच म्हणाला आणि वळत राहिला. तिसऱ्या दिवशी अनसूया आपली आपणच वर आली.

मग गावानं आम्हाला वाळीत टाकलं. रानातलं काम बंद, पिठाची गिरणी बंद, दुकानातलं मीठसुद्धा बंद. एक म्हातारा येऊन बाला शहाणपण शिकवून गेला, "पान्यात राहून माशासंगं वैर करू नाई." त्या वर्षी वस्तीतून एकेक जण उठून गेला, तसाच मीही. वस्तीतल्या तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांनी ते दिवस काढले. आम्ही निघालो आणि सुटलो, असं तुम्ही म्हणता. ते अर्धंच खरं आहे.

दिग्रसच्या फोटो स्टुडिओत मी पडदे झाडता झाडता कॅमेरा शिकलो, फिल्म धुवायला शिकलो. तिथून मुंबई गाठली. तिथं एक जाहिरात वाचली: समुद्रातल्या माशांच्या पाहणीसाठी पोहता येणारा फोटोग्राफर हवा. शपथ मोडायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, लाज अजून पुरते आहे. घरी लिहिलं, सरकारी नोकरी मिळाली, फोटोचं काम आहे. पत्रातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच ते पत्र मला सलतं.

अरबी समुद्रातल्या प्रवाळाच्या बेटांवर आम्हाला नेलं. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा. थॉमस नावाचा केरळी पाणबुड्या मला शिकवायचा. पहिल्याच दिवशी तो ओरडला, दम धरू नकोस, श्वास घेत राहा, नाहीतर वर येताना फुप्फुसं फुटतील. बाची अख्खी विद्या उलटी! ती विसरायला मला महिना लागला. कॅमेरा पितळेच्या डब्यात बंद असायचा आणि एका बुडीत बाराच फोटो निघायचे. काळ्या टोकाच्या पंखांच्या मुशी, म्हणजे शार्क मासे, प्रवाळाभोवती घिरट्या घालायच्या. माणसाएवढा मासा, तोंडात दातांच्या रांगा. सरळ अंगावर यायची, हातभर अंतरावरून वळून जायची. वळण्याच्या आधी बटण दाबायचं. घाई करायची नाही, डोळे उघडे ठेवायचे. बाचं एवढं तिथंही कामाला आलं.

दुसऱ्या वर्षी थॉमस वर आला नाही. त्याची हवेची नळी अडकली होती, आणि तो नांगराच्या दोरापाशी आठ पुरुष खोल होता. बोटीवर पाच जण होते. कोणी मला जा म्हटलं नाही. मी उतरलो. तीन मुशी त्याच्याभोवती लांबून फिरत होत्या. एकीनंही त्याला तोंड लावलं नाही, आणि मलाही अडवलं नाही. त्याला काखेत धरून वर आणताना माझ्या मनात थॉमस नव्हताच, बा होता. सात पिढ्यांचं जे काम त्यानं गावाचा बहिष्कार सोसून टाकलं, ते मी पगारी नोकरीत राहून उचललं होतं.

रजेवर गावी आलो तो मुशीचा एक फोटो घेऊन. माय म्हणाली, "अवं माय, केवढा मासा!" शेजारीपाजारी बघून गेले. बानं तो उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"मासा तं पान्यात हाये," तो म्हणाला. "मंग फोटो काढाले तू कुठी उभा होता?"

इतक्या जणांनी फोटो पाहिला, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"पान्यातच होतो, बा."

तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं फोटोच्या कोपऱ्यातल्या माणसावर बोट ठेवलं. "अन् हा कोन?"

"थॉमस. मैतर होता माहा. दुसऱ्याच दिवशी बुडून मेला."

"काढला कोनं?"

खोटं बोलता आलं असतं. "मी काढला."

"तुले काढाले लावलं त्यायनं?"

"कोनं लावलं नाई, बा. मीच गेलतो."

मायनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग बानं विचारलं, "डोये उघडे होते त्याचे?"

"होते. बोटीवर घेतल्यावर मी मिटले."

फोटो माझ्या हातात देऊन तो उठला. "अनसूयेचे कोनं मिटले असतीन?" असं म्हणाला आणि चपला घालून निघाला. मी मागोमाग गेलो. तो विहिरीपाशी गेला. अनसूयेनंतर गावानं त्या विहिरीचं पाणी सोडलं होतं, म्हणून आम्हाला कोणी हटकलं नाही. ठराव चुकला असं बा तेव्हाही म्हणाला नाही आणि पुढे मरेपर्यंत म्हणाला नाही. तो चुकला नव्हताच. पण दारात बसून सुतळी वळताना त्याला काय सोसावं लागलं होतं, ते मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

मुशींचे शेकडो फोटो मी काढले. लोक विचारतात, तुमचं गाव कुठलं, घर कुठं? मी जिल्ह्याचं नाव सांगतो. डोळ्यांपुढे मात्र घर येत नाही, डोहही येत नाही. दिसतो तो दोन्ही हात काठावर टेकून, ओणवा होऊन विहिरीत बघणारा बा. त्याचा एकही फोटो माझ्यापाशी नाही. त्या दिवशी कॅमेरा माझ्या गळ्यातच होता.