माझ्या हाताचा बिघा

“हात टाक गं बांबूवर. असा नव्हे, कोपर टेकव. टेकव म्हणतो ना!”

खोताच्या खळ्यात हिरवा बांबू आडवा पडलेला आणि त्याच्या एका टोकाला मी उकिडवी. खोताचा कारकून तात्या लांब उभा राहून ओरडत होता. लांब, कारण मी म्हाराची पोर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मीच कोळशानं खूण करायची, खुणेवर पुन्हा कोपर टेकवायचं. असे पाच हात, वर पाच मुठी. झाली काठी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद, तो बिघा. आमच्याकडं जमीन अशीच मोजायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला कसलं कळतंय! खोताच्या खळ्यात मला बोलावलं, सगळे माझ्याकडं बघतायत, याचाच केवढा तोरा. बा खळ्याबाहेर उभा होता. त्याच्या तोंडाकडं मी बघितलंच नाही.

लढाईचे दिवस होते. लोधिवलीच्या सडकेवरून पलटणीच्या मोटारी सारख्या धावायच्या. एका ठेकेदाराला खडी टाकायला सडकेलगत जागा पाहिजे होती. सडकेलगतचं खाचर आमचं. गावची चाकरी करायची म्हणून आज्याच्याही आधी कधी तरी मिळालेलं. एक बिघा भात. त्याच्यावरच आमची चूल पेटायची.

खोत बाला म्हणाला, “तुझं खाचर दे, डोंगराखालचं माझं घे. बिघ्याला बिघा. तुझा काय तोटा?”

नाही म्हणायची सोय होती का? गावात राहायचं होतं. बा एवढंच म्हणाला, “चावडीतली जुनी काठी घ्या, खोत. आमचं खाचर तिनंच मोजल्यालं हाय.”

“तिला वाळवी लागली. नवी पाडू.”

बानं आपला हात पुढं केला. खोत हसला. “तुझा हात माझ्या बांबूला? विटाळ करतोस काय रे? आमच्या माणसाचा हात घेतला तर उद्या म्हणशील फसवलं. तुझी पोर आण. लहानाला विटाळ नसतो. हात तुझ्याच घरचा, मग तर झालं?”

झालं. काठी पाडली. तात्यानं गुळाचा खडा वरून माझ्या ओंजळीत टाकला. मग बांबूवर तांब्याभर पाणी ओतलं, आणि मगच तो हातात धरला. लहानाला विटाळ नसतो ना? मग पाणी कशाला ओतलंत, भाड्यांनो? त्या दिवशी मला हे सुचलं नाही. मी गूळ चघळत होते.

त्या काठीनं डोंगराखाली बिघा मोजला. आमचं जुनं खाचर मोजायची गरजच पडली नाही. ते बिघाभर आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पुढच्या पावसाळ्यात आयनं रोपांसाठी राब नेहमीएवढाच भाजला होता, बी नेहमीएवढंच टाकलं होतं. लावणी सुरू झाली आणि बघता बघता खाचर सरलं. आवण उरलं. बांधावर रोपांच्या मुठीच्या मुठी तशाच पडलेल्या. आय चिखलात उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

“तुझ्या हातानं गेलं गं आपलं.”

मारलं नाही तिनं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी माझा हात बघितला. काडीसारखा हात, चिखलानं भरलेला. त्या दिवसापासून तो मला माझा वाटेना.

नंतर सडक रुंद करायची म्हणून सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला. बानं त्याचे पाय धरले नाहीत, धरू कुठं देतात! लांबूनच जमिनीला डोकं टेकलं आणि दोन्ही खाचरं मोजून घेतली. जुनं भरलं बत्तीस गुंठे. नवीन, अठरा. काठी आखूड होती ती लांबीलाही आणि रुंदीलाही. दोन्हीकडून खाल्लं होतं आम्हाला. निम्म्याच्या जवळ जमीन माझ्या हाताएवढ्या खोटेपणात गेली.

बा चावडीपुढं म्हणाला, “सायब, दोन्ही बिघाच कसं मग?”

मोजणीदार साखळी गुंडाळत म्हणाला, “एकर-गुंठ्याचं मला विचार. बिघ्याचं तुमचं तुम्ही बघा.”

खोत तिथंच बसला होता. “बिघ्याला बिघा दिला की नाही? काठीवर हात कुणाचा होता? हात वर कर गं पोरी. दाखव सगळ्यांना.”

मी हात वर केला. चावडीतली माणसं पोट धरधरून हसली. बानं मान खाली घातली ती मग कधी नीट वर केलीच नाही. अठरा गुंठ्यांत पाच तोंडं भागेनात. तो ठेकेदाराच्या खडीवर जायला लागला. आपल्याच जुन्या खाचरात बसून दगड फोडायचा.

ठेकेदाराला जागा पुरेना. आता नजर गेली आमच्या शेजारणीच्या खाचरावर. चांगूनानी, रांडमुंड बाई, मूलबाळ नाही. तात्या आमच्या दारात आला. “नवी काठी पाडायचीय, तुमची धाकटी पाठवा. लहानाला विटाळ नसतो.”

धाकटी निघालीसुद्धा. नाचत. गूळ मिळणार होता ना! मी आता बारा-तेराची, लहानांत मोडत नव्हते, तरी तिच्या मागनं गेले. खळ्यात तोच थाट, आडवा बांबू, पायरीवर खोत. धाकटी बसायच्या आत मी पुढं झाले आणि बांबू दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

“बाटला,” मी म्हणाले. “आता साखळी आणा.”

तात्या मागं सरला. खोत उठला. मग काय व्हायचं ते झालं. मला चाबकानं फोडलं. बाला गावची भाकरी बंद झाली, विहिरीच्या वाटेवर काटे पडले. आणि चांगूनानीचं खाचर? ते गेलंच. दुसऱ्या गावच्या कुणाच्या तरी पोराच्या हातानं काठी पाडली. मी काही वाचवलं नाही. नानी मला पुन्हा बोललीही नाही. बाकीच्यांना म्हणायची, या पोरीनं चिडवलं त्यांना. बा खडीवरच गेला, एका पावसाळ्यात, खोकून खोकून.

वाटतं का कुणाला, साखळी आली की न्याय येईल? मला नाही वाटत. साखळी आली होती. तिनं खरं सांगितलं आणि मोजणीदारानं ती गुंडाळून पिशवीत घातली.

तरी मी गुंठा पाठ केला. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. असे चाळीस म्हणजे एकर. धाकटीला शिकवला. म्हारवाड्यातल्या पोरींना शिकवते. पोरी विचारतात, याचा उपयोग काय? मी सांगते, काही नाही. पण बिघ्याला बिघा म्हणत कुणी दारात आला तर त्याला म्हणायचं, गुंठ्यात बोल. आणि हात मागे ठेवायचे.

ते अठरा गुंठे अजून आमच्याकडं आहेत. त्यांच्यावरही डोळा आहे, ठाऊक आहे मला. येऊ दे. साखळीचं एक टोक त्यांनी धरावं. दुसरं मी धरणार, बाटली तर बाटली. धरू दिलं नाही, तर माझ्या बांधावर मोजणी होणार नाही.