फितूर न झालेली साक्षीदार

सिहोरा भागातला तो खून आणि त्यातली एकमेव साक्षीदार बाई मी अजून विसरलेलो नाही. पाण्याच्या पाळीवरून एका शेतकऱ्याला भरदिवसा फावड्याने मारलं होतं. संशय शेजारच्या शेतकऱ्यावर होता. पण ‘मी तुमसरला बाजारात होतो’ हे त्याचं पालुपद सुटेना.

तिसऱ्या दिवशी बातमीदाराने सांगितलं, की लगतच्या बांधीत, धानाच्या शेतात, एक विधवा बाई निंदण करत होती. मी तिला लगेच ठाण्यात बोलावलं. बाकावर अंग चोरून बसली आणि एवढंच म्हणाली, ‘मले काईच मालूम नाही साहेब.’

ती गेल्यावर आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, ‘सर, बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. आता साऱ्या गावानं तिला ठाण्यात येताना पाहिलं.’ नियम मला ठाऊक होता. घाईत मीच तो मोडला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. आधी मी माफी मागितली. मग ती बोलली, ‘तुमचा ज्याच्यावर संशय हाये, त्याचा भाऊ दारात येऊन धमकावून गेला. माही पोरगी एकटी कॉलेजात जाते. तिले काई झालं तं?’

‘साक्षीदाराला संरक्षण मागायचा हक्क आहे, बाई. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करू. पाठपुरावा माझ्याकडे.’

तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याला फावडं बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, फेकतानाही तिने पाहिलं होतं.

चौकशीत मी तिचं नाव काढलं नाही. आरोपीला फक्त विचारलं, ‘बोडीत माणसं उतरवू?’ त्याचा चेहरा उतरला. तासाभरात त्याने पंचांसमोर जागा दाखवली. फावडं निघालं.

संरक्षणाचा आदेश झाला. घरावर गस्त, मुलीसोबत महिला शिपाई, धमकावणाऱ्या भावावर वेगळा गुन्हा. गावात बातमी होती, बाई फितूर होणार.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी विचारलं, ‘पाठमोरा माणूस ओळखलात कसा?’

‘पंधरा वर्सं त्याच्या बाजूच्या बांधीत राबून राहिली मी,’ ती म्हणाली. ‘चालीवरून ओळखू येते.’

जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी आरोपीचे नातेवाईक फाटकाशी उभे होते. मी जीप पुढे घेतली, तर ती म्हणाली, ‘गाडी नको साहेब. मी एस्टीनं जाईन. पाहू द्या सगळ्यांले.’ आणि लेकीचा हात धरून त्यांच्यासमोरून ताठ मानेने निघून गेली.

त्यानंतर कधीही साक्षीदार गप्प बसला, तरी मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. त्याला कशाची भीती वाटते, हे आधी विचारलं.